टर्मिनलमधून पासवर्ड सांभाळताना: दुसऱ्या संगणकावर जुन्या नोंदी उघडतात, पण नवी नोंद होत नाही

काजवा

नमस्कार. माझे जवळजवळ सगळे काम टर्मिनलमध्येच चालते. त्यामुळे पासवर्डसाठी दर वेळी ब्राउझर उघडण्याचा मला कंटाळा येऊ लागला आणि महिन्याभरापूर्वी मी 'पास' हे पासवर्ड कूटबद्ध करून साठवणारे टर्मिनलमधले साधन वापरायला सुरुवात केली. त्याआधी माझे निम्मे पासवर्ड ब्राउझरमध्ये आणि उरलेले एका साध्या मजकूर-फाइलमध्ये होते. ती फाइल असणे चुकीचे आहे हे मला कळत होते, पण ती टाकून देण्याचे धैर्य होत नव्हते. आता साधारण १६० नोंदी 'पास'मध्ये आल्या आहेत. प्रत्येक नोंदीची एक वेगळी कूटबद्ध फाइल, विषयवार फोल्डर आणि प्रत्येक बदलाची गिटमध्ये (फाइलींमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत) नोंद, ही रचना मला मनापासून आवडली आहे.

अडचण दुसऱ्या संगणकावर आली. पहिल्या संगणकावरची जीपीजीची ('पास' ज्याच्या मदतीने कूटबद्ध करते त्या प्रोग्रॅमची) गुप्त किल्ली निर्यात करून मी लॅपटॉपवर आयात केली आणि गिटमधून सगळा संग्रह उतरवून घेतला. जुन्या नोंदी तेथे व्यवस्थित उघडतात. पासफ्रेज (गुप्त किल्ली उघडण्याचा परवलीचा मजकूर) विचारला जातो आणि पासवर्ड दिसतो. मात्र 'पास इन्सर्ट' (नोंद घालण्याची) किंवा 'पास जनरेट' (नवा पासवर्ड बनवण्याची) ही कमांड दिली की, ही किल्ली तिच्यावर नाव असलेल्या व्यक्तीचीच आहे याची खात्री नाही, अशा अर्थाचा संदेश येतो आणि फाइल तयारच होत नाही. एकाच किल्लीने उघडता येते पण बंद करता येत नाही, हे कसे?

याच ओघात आणखी तीन शंका विचारते. पहिली अशी की, संग्रहाची एक प्रत मी भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली आहे. फाइलींच्या आतला मजकूर कूटबद्ध असला तरी फाइलींची नावे उघडीच असतात, म्हणजे माझी खाती कोठे कोठे आहेत हे तेथे पोहोचलेल्या कोणालाही वाचता येईल. याची किती काळजी करावी? दुसरी अशी की, एकदा पासफ्रेज दिल्यावर बराच वेळ तो पुन्हा विचारला जात नाही. हे सोयीचे वाटते आणि थोडे अस्वस्थही करते. तिसरी गोष्ट म्हणजे माझ्या हातून झालेली चूक आहे. पहिल्या आठवड्यात घाईघाईने मी काही पासवर्ड 'इको' या मजकूर छापणाऱ्या कमांडच्या पुढे टाइप करून पाइपने (एका कमांडचा मजकूर दुसरीला देण्याच्या सोयीने) 'पास इन्सर्ट'कडे पाठवले. ते आता कोठे कोठे उरले असतील?

उंबरठा

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. उघडण्यासाठी आणि बंद करण्यासाठी लागणारी किल्ली वेगवेगळी असते. नोंद उकलताना जीपीजीला फक्त आपली गुप्त किल्ली हवी असते. ती लॅपटॉपवर आहे, म्हणून नोंदी उघडतात. नवी नोंद कूटबद्ध करताना मात्र सार्वजनिक किल्ली वापरली जाते, आणि सार्वजनिक किल्ली कोणीही कोणाच्याही नावाने बनवू शकत असल्यामुळे, ती खरोखर त्या व्यक्तीची आहे का, असे जीपीजी विचारते. पहिल्या संगणकावर किल्ली आपणच तयार केली होती, म्हणून तिच्यावरचा विश्वास तेथे आपोआप सर्वोच्च पातळीवर नोंदला गेला. ही विश्वासाची नोंद किल्लीच्या आत नसते. ती जीपीजीच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असते आणि किल्ली निर्यात केल्यावर तिच्याबरोबर जात नाही.

उपाय एका मिनिटाचा आहे. लॅपटॉपवर 'जीपीजी'ला 'एडिट-की' हा पर्याय आणि आपल्या किल्लीची ओळख द्यावी. आतल्या सूचक-ओळीवर 'ट्रस्ट' लिहावे. पाच पातळ्यांची यादी येईल, त्यातील ५ हा अंतिम विश्वासाचा आकडा निवडावा, होकार द्यावा आणि 'क्विट' लिहून बाहेर पडावे. त्यानंतर 'पास जनरेट' चालेल. मात्र ५ ही पातळी फक्त स्वतःच्या किल्लीसाठी आहे; सहकाऱ्याची किल्ली कितीही ओळखीची असली तरी तिला ही पातळी देऊ नये, तिचा ठसा (फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीची ओळख पटवणारी अक्षरमाला) पडताळून तिच्यावर आपल्या किल्लीने सही करावी.

याच अडचणीवर आपल्याला आणखी एक सल्ला हमखास मिळेल, तो म्हणजे जीपीजीच्या मांडणी-फाइलमध्ये विश्वासाची तपासणी कायमची बंद करण्याचा. कृपया तसे करू नये. कोणत्या किल्लीसाठी कूटबद्ध करायचे हे 'पास' आपल्या फोल्डरमधील 'जीपीजी-आयडी' नावाच्या एका साध्या, उघड्या मजकूर-फाइलमध्ये वाचते, आणि ती फाइलसुद्धा सर्व्हरवरच्या प्रतीत जाते. तेथे शिरलेल्या कोणी त्यात दुसऱ्या किल्लीची ओळख घातली आणि ती किल्ली कोणत्याही कारणाने आपल्या संग्रही असली, तर पुढच्या सगळ्या नोंदी निमूटपणे त्या किल्लीसाठीही कूटबद्ध होतील. आपल्याला त्रास देणारी ती तपासणी नेमकी अशा वेळी कामाची असते. याहून पक्का बंदोबस्त हवा असेल तर 'पासवर्ड-स्टोअर-साइनिंग-की' हे परिवेश-चल (टर्मिनलमधील प्रोग्रॅमना दिसणारी मांडणीची नोंद) ठेवावे. मग 'जीपीजी-आयडी' फाइलवर त्या किल्लीची ग्राह्य सही असल्याशिवाय 'पास' पुढे जात नाही.

जाता जाता एक गोष्ट पाहून ठेवावी. किल्लीची मुदत संपली असेल तरी जुने उघडते आणि नवे होत नाही हेच लक्षण दिसते, फक्त संदेश वेगळा असतो. किल्ल्यांच्या यादीत मुदतीची तारीख दिसते. ती वाढवता येते, पण मुख्य किल्लीबरोबर कूटबद्धतेच्या उपकिल्लीचीही मुदत वाढवावी लागते, आणि हे हमखास विसरले जाते.

निळीशाई

मुख्य अडचण सुटली आहे, म्हणून मी उरलेल्या शंकांकडे वळतो.

'इको'च्या चुकीपासून सुरुवात करू. कमांडला दिलेला मजकूर दोन ठिकाणी सांडू शकतो: एक, ती कमांड चालू असेपर्यंत प्रक्रियांच्या यादीत, आणि दोन, शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इतिहासात. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये 'इको' ही शेलची अंतर्गत कमांड असल्यामुळे तिच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम सुरू होत नाही, म्हणून यादीत पासवर्ड दिसला नसणार. इतिहासाच्या फाइलमध्ये मात्र त्या ओळी साध्या अक्षरांत आजही असतील. त्या काढून टाकाव्यात. पण ती फाइल एखाद्या बॅकअपमध्ये किंवा आपल्या मांडणी-फाइलींच्या सामायिक संग्रहात गेली असेल, तर तेवढे पासवर्ड बदलणे हाच खरा उपाय आहे. यापुढे 'पास इन्सर्ट'ला फक्त नोंदीचे नाव द्यावे. पासवर्ड ते स्वतः विचारते, दोनदा विचारते आणि टाइप करताना पडद्यावर दाखवत नाही. खरे तर नव्या खात्यासाठी पासवर्ड टाइप करण्याची गरजच नाही. 'पास जनरेट' आपणहून २५ अक्षरांचा पासवर्ड बनवते. अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून ९४ शक्यतांमधून प्रत्येक स्थान यादृच्छिकपणे भरले जात असल्यामुळे त्याची ताकद १६० बिटांच्याही वर जाते. ज्या संकेतस्थळांना चिन्हे चालत नाहीत त्यांच्यासाठी ती वगळण्याचा पर्यायही आहे.

पासफ्रेज पुन्हा विचारला जात नाही, कारण जीपीजी-एजंट हा पार्श्वभूमीवर चालणारा जीपीजीचा सहायक तो स्मृतीत धरून ठेवतो. मूळ मांडणीनुसार शेवटच्या वापरानंतर ६०० सेकंद तो टिकतो. दर वापरागणिक ही मोजणी नव्याने सुरू होते, आणि कितीही वापर केला तरी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, तो पुन्हा द्यावाच लागतो. आपल्या अस्वस्थतेला आधार आहे: त्या काळात आपल्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्रॅम एजंटकरवी सर्वच्या सर्व नोंदी उकलून घेऊ शकतो. एजंटच्या मांडणी-फाइलमध्ये हे दोन्ही आकडे कमी करता येतात. मी पहिला १२० वर आणला आहे, आणि पडदा कुलूपबंद होतो त्याच क्षणी एजंट पुन्हा भारित होईल अशी जोडणी केली आहे. तसे झाले की धरलेले पासफ्रेज तो विसरतो. क्लिपबोर्डचेही असेच आहे. 'पास'ला 'सी' पर्याय दिला की पासवर्ड क्लिपबोर्डवर जातो आणि ४५ सेकंदांनी पुसला जातो. पण क्लिपबोर्डचा इतिहास जपणारा प्रोग्रॅम चालू असेल तर त्याच्याकडे एक प्रत मागे राहू शकते. आपल्याकडे तसे काही चालू आहे का, हे आजच पाहावे.

आता जे विचारले नाही पण मला सांगायलाच हवे, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या संगणकाची डिस्क एका सकाळी अचानक बंद पडली. मी निश्चिंत होतो, कारण पासवर्डचा सगळा संग्रह सर्व्हरवर होता. नव्या डिस्कवर तो उतरवून घेतला. ३०० च्या वर फाइली, एकही हरवलेली नाही. पहिलीच नोंद उघडायला गेलो तेव्हा गुप्त किल्ली उपलब्ध नाही असा संदेश आला आणि माझ्या लक्षात आले की किल्ली फक्त त्या मेलेल्या डिस्कवर होती. संग्रहाच्या प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या, किल्लीची एकही नव्हती. प्रत्येक खात्याचा पासवर्ड ईमेलवरून नव्याने मागवावा लागला, आणि त्या ईमेलचा पासवर्डही त्याच संग्रहात होता. फोनवर ईमेल उघडे राहिले होते म्हणून वाचलो. तरीही सगळे सुरळीत व्हायला तीन आठवडे लागले आणि दोन खाती कायमची गेली.

म्हणून माझी विनंती आहे की, आज दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण गुप्त किल्ली निर्यात करून तिची प्रत संगणकाबाहेर, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. मी एका पेनड्राइव्हवर आणि एका कागदी छपाईच्या रूपात ठेवली आहे. त्यानंतर ती प्रत चालते का हे पाहावे, कारण न तपासलेल्या प्रतीच्या भरवशावर मी पुन्हा कधी राहणार नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. एक रिकामे फोल्डर करावे, 'जीएनयूपीजी-होम' हे परिवेश-चल त्या टर्मिनलपुरते त्या फोल्डरकडे वळवावे, म्हणजे जीपीजीला आपली नेहमीची किल्ली दिसणार नाही. मग पेनड्राइव्हवरची प्रत आयात करावी आणि एक नोंद उघडून पाहावी. उघडली तर प्रत खरी. शेवटी ते फोल्डर पुसून टाकावे. वर्षातून दोनदा मी हे करतो.

सांजवारा

फाइलींच्या नावांबद्दलची शंका वर मागे राहिली आहे, आणि माझ्या मते तिला हलक्यात घेऊ नये.

'पास' हे साधन जेसन डोनेनफेल्ड यांनी २०१२ मध्ये लिहिले. वायरगार्ड हे व्हीपीएन लिहिणारे तेच. ते मुळात एक बॅश-लिपी आहे आणि जाणूनबुजून लहान ठेवलेले आहे: कूटबद्ध करण्याचे काम जीपीजीचे, इतिहास गिटचा, वर्गवारी फोल्डरांची. याच साधेपणामुळे नावे उघडी राहतात. बहुतेकांना एवढे चालते, कारण कोणाचे ईमेल कोठे आहे हे गुपित नसते. पण एखाद्या आजाराविषयीच्या मंडळाचे खाते असेल, वकिलाशी संपर्काचे खाते असेल, किंवा कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत सर्व्हरांची नावे फोल्डरांना दिलेली असतील, तर ती यादीच मोलाची माहिती ठरते. त्यातून गिट वापरल्यामुळे गोष्ट आणखी पुढे जाते. प्रत्येक बदलाबरोबर 'पास' स्वतःहून लिहिते त्या टिपणात नोंदीचे नाव असते, आणि टिपणाला तारीख-वेळ असते. म्हणजे आज आपण सगळ्या फाइलींना टोपणनावे दिली तरी जुनी नावे इतिहासात जशीच्या तशी वाचता येतील. तसे करायचेच असेल तर गिटचा जुना इतिहास सोडून नवा संग्रह सुरू करावा. दुसरा मार्ग म्हणजे 'गिट-रिमोट-जीक्रिप्ट'. त्यामुळे दूरच्या सर्व्हरवर जाणारा सगळा संग्रहच, नावांसकट, जीपीजीने कूटबद्ध होतो आणि घरच्या प्रतीवर आपल्याला नेहमीसारखे काम करता येते. भाड्याच्या सर्व्हरसाठी मी हाच मार्ग सुचवेन.

इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी. उद्या आपली किल्ली कोणाच्या हाती लागल्याचा संशय आला, तर नवी किल्ली देऊन 'पास इनिट' चालवता येते आणि सगळ्या नोंदी नव्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध होतात. पण गिटच्या इतिहासातील जुन्या फाइली जुन्याच किल्लीने उघडत राहतात. अशा वेळी प्रत्यक्ष पासवर्डच बदलावे लागतात.

माझी स्वतःची निवड वेगळी आहे, तीही सांगतो. मी कीपास-एक्ससी हा पासवर्ड-व्यवस्थापक वापरतो आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या कमांडने टर्मिनलमधून काम करतो. त्यात सगळ्या नोंदी, त्यांच्या नावांसह, एकाच कूटबद्ध फाइलमध्ये असतात. शिवाय मुख्य पासवर्डपासून किल्ली बनवण्यासाठी तेथे आर्गॉन-२ वापरता येते. २०१५ मध्ये पासवर्ड-हॅशिंगच्या (पासवर्डचे उलट न फिरवता येणाऱ्या मजकुरात रूपांतर करण्याच्या) खुल्या स्पर्धेत निवडली गेलेली ही पद्धत प्रत्येक अंदाजासाठी मुद्दाम भरपूर स्मृती खर्च करायला लावते, त्यामुळे एकाच वेळी लाखो अंदाज करून पाहणे महाग पडते. याचा तोटा असा की दोन संगणकांवर एकाच दिवशी वेगवेगळे बदल झाले तर त्या दोन फाइली जुळवणे हे वेगळे काम होऊन बसते, आणि तेथे 'पास'ची एक नोंद-एक फाइल ही रचना निर्विवाद सरस आहे. आपण दोन संगणकांवर काम करता आणि गिट आपल्या हातात बसलेले आहे. आपण 'पास' सोडावे असे मी म्हणणार नाही.

जीपीजीमध्ये निर्यात केलेल्या किल्लीचे रक्षण पासफ्रेजच्या हॅशिंगची पुनरावृत्ती करून होते, त्याला आर्गॉन-२ सारखी स्मृतीची भिंत नसते. म्हणून पेनड्राइव्हवर प्रत ठेवणार असाल तर पासफ्रेज खरोखर भक्कम हवा. फाशांनी शब्द निवडण्याची १९९५ पासूनची डाइसवेअर पद्धत मला सर्वात भरवशाची वाटते. पाच फाशांच्या एका फेकीत ७,७७६ शब्दांतील एक शब्द ठरतो, प्रत्येक शब्दाने सुमारे १२.९ बिटांची भर पडते, आणि सहा शब्दांचे ७७ बिटांहून अधिक होतात. शब्द फाशांनीच निवडावेत. स्वतःला सुचलेले सहा शब्द तेवढे यादृच्छिक नसतात. आवडला नाही म्हणून शब्द पुन्हा फेकण्याचा मोहही टाळावा.

काजवा

सर्वांचे मनापासून आभार. विश्वासाची पातळी ५ केल्याबरोबर लॅपटॉपवर नवी नोंद झाली. इतिहासाच्या फाइलमध्ये 'इको'च्या अकरा ओळी सापडल्या. त्या काढल्या आणि ते अकराही पासवर्ड नव्याने बनवले. सर्व्हरवरचा जुना संग्रह काढून टाकला असून नवा 'जीक्रिप्ट'मार्गे चढवला आहे.

निळीशाई, आपण सांगितलेली चाचणी काल रात्री केली आणि तिच्यात मी अडकले. किल्लीची प्रत माझ्याकडे होती, पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर घेतली होती. रिकाम्या फोल्डरमध्ये ती आयात करताना मी माझा पासफ्रेज दिला, तर तो चुकीचा असल्याचा संदेश आला. तीन वेळा दिला, तीनही वेळा तेच. थोड्या वेळाने आठवले की पंधरा दिवसांपूर्वी मी पासफ्रेज बदलला होता. जुना दिल्यावर किल्ली आत आली आणि नोंद उघडली. म्हणजे पेनड्राइव्हवरच्या प्रतीला नव्या पासफ्रेजची खबरच नव्हती. सुदैवाने जुना मला अजून पाठ आहे. आणखी वर्षभराने तो आठवला असता असे वाटत नाही. आज नवी प्रत काढली, तीही रिकाम्या फोल्डरमध्ये तपासली, आणि पासफ्रेज बदलला की त्याच दिवशी प्रत बदलायची अशी नोंद करून ठेवली आहे.

निळीशाई

हे आपण येथे लिहिलेत ते फार बरे झाले. निर्यात करतेवेळी जो पासफ्रेज असतो तोच त्या प्रतीला कायमचा लागू राहतो, हे मी सांगायला हवे होते. आता एकच काम उरले आहे. ती जुनी प्रत अजून पेनड्राइव्हवर असेल तर नष्ट करावी. आपण पासफ्रेज बदललात तो पहिला कच्चा वाटला म्हणूनच असणार, आणि त्या प्रतीतली किल्ली अजूनही त्याच कच्च्या पासफ्रेजने उघडते. पेनड्राइव्हवर नुसती फाइल पुसल्याने ती खात्रीने जात नाही. त्यामुळे नवी प्रत वेगळ्या, कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि जुना पेनड्राइव्ह दुसऱ्या कोणत्याही कामाला न लावता मोडून टाकावा.

काजवा

आपला अंदाज बरोबर आहे, पहिला पासफ्रेज तीनच शब्दांचा होता आणि तेही मला सुचलेले. नवी प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर हलवली आहे. जुना पेनड्राइव्ह आजच मोडते.